एक ठिपका, दोन ठिपके

सेबेस्टियनने ज्युलीला आपणहून फोन केला, तो बहिणीची आठवण आली म्हणून नव्हे, तिच्या कानाची गरज पडली म्हणून.

त्याच्या मुलीचं, एलिसाचं, लग्न पंधरा दिवसांवर आलेलं आणि पोरीने हट्ट धरलेला, चर्चला जाईन तर आजोबांच्या हिरव्या मॅग्नेट गाडीतूनच. गाडी एकोणीस वर्षं शेडमध्ये धूळ खात उभी. एका मेकॅनिकने महिनाभर खपून इंजिन सोडवलं, ब्रेक केले, टायर चढवले. पण कार्ब्युरेटरचं नाव काढल्यावर त्याने हात जोडले. "एक असता तर केला असता, अंकल. या गाडीला दोन लागतात. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे, नाहीतर गाडी खोकत बसते. ते जुळवणारं माणूस आता शोधून सापडायचं नाही."

सापडायला कुठे लांब जायचं होतं? घरातच जन्मलेलं. डॅडींना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा त्यांनी दहा वर्षांच्या ज्युलीच्या कानात रबरी नळीचं एक टोक दिलं होतं आणि दुसरं टोक आधी पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं, मग मागच्या. "कोणता जास्त फुसफुसतो, सांग बाय." तिने सांगायचं आणि त्यांनी स्क्रू फिरवायचा. पुढे तर स्क्रूही तिच्याच हातात आला. पोरांना डॅडी जवळ फिरकू देत नसत. म्हणत, यांचे हात खोऱ्या-फावड्याचे.

फोनवर ज्युलीने एकच अट घातली. "पत्रिकेवर माझं नाव आणि माझ्या नवऱ्याचं नाव. आणि चर्चमध्ये शत्रुघ्न माझ्याशेजारी पुढच्या बाकावर बसणार. घरचा जावई म्हणून."

"बघू गं," सेबेस्टियन म्हणाला. या माणसाचं 'बघू' म्हणजे काय ते अख्ख्या गावाला ठाऊक. तरीही ती आली. एकोणीस वर्षं ती याच एका गोष्टीसाठी झुरत होती आणि आता तिच्यापाशी मागायला काहीतरी जोर होता.

रविवारी चर्चमधली मिसा आटपून लोक घरी पोचले तेव्हा शत्रुघ्नने स्कूटर फाटकाबाहेर थांबवली. त्याने ते फाटक आजवर कधीच ओलांडलेलं नव्हतं. डॅडींच्या मयतालाही तो बाहेर रस्त्यावर उन्हात उभा राहिला, छत्री मिटून.

"मी नाक्याव हाय," तो म्हणाला. "झाला का फोन कर. पानी पी मधून मधून."

ती आत गेली.

शेडसमोर सेबेस्टियनच्या बायकोने, रीटा वहिनीने, टेबल मांडून वर जुनी चादर घातली होती. चादरीवर सेबेस्टियनकडचा पुढचा कार्ब्युरेटर. आणि शेडच्या कडेला, उलट्या घातलेल्या क्रेटवर, मांडीवर लुंगीचं गाठोडं घेऊन बसलेला ज्युड. धाकटा भाऊ, एलिसाच्या शब्दाखातर आलेला. गाठोड्यात मागचा कार्ब्युरेटर. केस पांढरे व्हायला लागलेले. ज्युली त्याच्याशी बोलत नसे. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जाई. तिच्या लग्नाच्या दिवसापासून.

तो दिवस या घरात कोणी काढत नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात तो आहेच. शत्रुघ्न कामणकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, हिंदू. बिशपांची परवानगी आली, फादर तयार झाले, आणि महिनाभर धुमसून डॅडी शेवटी म्हणाले, बरं, मी स्वतः माझ्या गाडीतून तुला घेऊन जाईन. ज्युलीने त्यांच्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं. लग्नाच्या सकाळी गाडी फाटकापर्यंत आली, खोकली, आचके देऊन बंद पडली. मग काही केल्या हलेना. डॅडींनी बॉनेट उघडलं आणि सगळ्यांदेखत ज्युडवर गरजले, "काल फुलं आणायला गाडी नेलीस आणि रेस करून वाट लावलीस! माझ्या पोरीच्या लग्नाच्या दिवशी!" मग ज्युलीला म्हणाले, "तू रिक्षाने पुढे हो, बाय. मी गाडी नीट करून आलोच मागून."

आले नाहीत. ज्युली चर्चच्या दारातून वेदीपर्यंत एकटी चालत गेली. पुढच्या बाकावर शत्रुघ्नने सासऱ्यांसाठी रुमाल टाकून जागा धरली होती. चर्चमध्ये अशी जागा धरत नाहीत हे त्या बिचाऱ्याला कुठलं माहीत. अख्खी मिसा झाली, रुमाल तसाच. दुपारी घरी भांडण पेटलं, डॅडींनी ज्युडला चालता हो म्हटलं, आणि ज्युडने संतापाने पान्याने मागचा कार्ब्युरेटर काढून लुंगीत गुंडाळला. "मी बिघडवली ना? मग आता कोणीच चालवू नका!" तो चंदनसारला जाऊन राहिला. तीन वर्षांनी डॅडी गेले. घर, वाडी, शेड, सगळं सेबेस्टियनकडे राहिलं.

आता ज्युडने गाठोडं टेबलावर ठेवलं आणि कोणाकडे न बघता म्हणाला, "उघडलेला नाही. जसा काढला तसा आहे."

"आमचाही तसाच," रीटा वहिनी म्हणाली. "आमच्याकडे कुणाला येतंय उघडायला."

ज्युलीने बाह्या वर केल्या. दोन अॅल्युमिनियमची ताटं मागितली, पुढच्याचं सामान एका ताटात, मागच्याचं दुसऱ्यात. एलिसाच्या होणाऱ्या नवऱ्याने बाहेरून मागवलेल्या किटमध्ये नव्या सुया, जेट, बुचाची वायसरं सगळं होतं. एलिसा शेजारी उभी राहून बघत होती. आत्याच्या लग्नात ती पाच वर्षांची, फुलं उधळायला गेली होती.

वरच्या टोप्या, म्हणजे पितळी घंटा पालथी ठेवावी तसे दोन घुमट, स्क्रू काढूनही खालच्या पिस्टनला चिकटून बसले होते. जोर न करता ज्युलीने ते तसेच पिस्टनसकट उचलून आपापल्या ताटात ठेवले आणि वरून रॉकेल सोडलं. मग खालच्या बॉडीतला दांडा हलवून बघितला. खडखडला.

"इथून हवा जाणार. दांड्याभोवतीचे बुश नवे लागतील," ती हवेत बोलल्यासारखं म्हणाली.

"गोखिवऱ्याला माझं लेथ मशीन आहे," ज्युड तसंच हवेत म्हणाला. "चावी आहे. दोन तासांत करून आणतो." दोन्ही बॉड्या पिशवीत घालून तो बाईकवरून गेला. रीटा वहिनी एलिसाला घेऊन शिंपिणीकडे ब्लाऊज-गाऊनच्या मापाला गेली. शेडमध्ये ज्युली आणि समोर खुर्ची टाकून बसलेला सेबेस्टियन.

रॉकेल मुरल्यावर तिने मागच्या टोपीतला पिस्टन हलक्या हाताने फिरवत बाहेर ओढला. चिंधीने पुसला. आणि तिथेच थबकली.

डॅडींची एक पद्धत होती. प्रत्येक टोपीचा पिस्टन वेगळा घासून बसवलेला असतो. एका टोपीतला दुसरीत चालत नाही, केसभर फरकाने घासतो आणि अडकतो. म्हणून डॅडींनी पंचाने ठोकून खुणा केल्या होत्या. पुढच्याची टोपी, पिस्टन, बॉडी, तिन्हींवर एक ठिपका. मागच्याच्या तिन्हींवर दोन. "आपल्या घरचा आपल्या घरात, बाय," ते म्हणायचे. "परक्या घरात घातला की अडकलाच समज."

मागच्या टोपीवर दोन ठिपके होते. तिच्यातून निघालेल्या पिस्टनवर एक.

ज्युलीने पुढची टोपी घेतली. तिच्यातलाही पिस्टन ओढून पुसला. टोपीवर एक ठिपका. पिस्टनवर दोन.

"ताटं मिसळलीस बहुतेक," सेबेस्टियन खुर्चीतून म्हणाला. न विचारता म्हणाला. इतक्या लांबून त्याला काय दिसलं?

ज्युलीने वर बघितलं. "मी काय विचारलं तुला?"

"नाही, तू अशी बघत बसलीस म्हणून—"

"पिस्टन टोपीत रुतलेले होते, दादा. रॉकेल घालून काढावे लागले. एकोणीस वर्षांचा गंज आहे दोघांच्या मध्ये. घासल्याचे ओरखडेही समोरासमोर आहेत." तिने टोपी त्याच्यापुढे आपटली. "या टोप्या या घरात दोनच माणसं उघडायची. डॅडी आणि मी. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी हळद लावून बसले होते. मग कोणी उघडल्या?"

"ज्युडने—"

"ज्युडला टोपीचा स्क्रू कुठे असतो ते आज कळलं! गाडी रेस केल्याने पिस्टन एकातून दुसऱ्यात उड्या मारतात का? मला खुळी समजतोस?"

सेबेस्टियनने घाम पुसला. मोठा माणूस, गावच्या पतपेढीचा चेअरमन, पण चोरी पकडलेल्या पोरासारखा खुर्चीतच वळवळायला लागला.

"रात्री सगळे उंबराच्या पाण्याच्या विधीला विहिरीवर गेले होते," शेवटी तो बोलला. "बँड घेऊन. ज्युडही तिकडेच नाचत होता. डॅडींनी मला मागे ठेवलं. म्हणाले, टॉर्च धर."

"आणि तू धरलास."

"मला वाटलं साफ करतायत! मला काय कळतंय त्यातलं?"

"आणि सकाळी? सकाळी ज्युडला शिव्या पडत होत्या तेव्हा कळलं की नाही?"

त्याने खुर्ची मागे सरकवली. मग हळू आवाजात म्हणाला, "डॅडींना चर्चमध्ये तुझा हात त्याच्या हातात द्यायचा नव्हता, ज्युली. तोंडाने नाही म्हणवत नव्हतं. तू त्यांची लाडकी. मग दुसरं काय करणार माणूस?"

ज्युलीने चिंधी खाली ठेवली. एकोणीस वर्षं तिने स्वतःला एक गोष्ट सांगितली होती, रात्रंदिवस, सासरी कोणी टोचून बोललं की हटकून: माझे डॅडी येणार होते. गाडीने दगा दिला. ज्युडने दगा दिला. माझे डॅडी निघाले होते. आता त्यांचे हात तिच्या डोळ्यांपुढे आले. तिला नळी धरायला शिकवणारे हात, सावकाश, काळजीने, एकाचा पिस्टन काढून दुसऱ्यात बसवणारे. चुकून नव्हे. जगात कोणाहून चांगलं येत होतं त्यांना हे काम. बिघडवलंही किती नीट!

"तू ज्युडला घराबाहेर जाऊ दिलंस," ती म्हणाली.

"मी कोणाला घालवलं नाही."

"नाही रे, तू कशाला घालवशील. तू नुसता टॉर्च धरलास."

सेबेस्टियन उठला, जवळ आला. आवाजात साखर आली. "हे बघ, झालं ते झालं. डॅडी मातीत गेले. आता पंधरा दिवसांवर पोरीचं लग्न, त्यात ज्युडला हे कळलं तर तो तमाशा करणार. तुझी अट होती ना? मान्य. पत्रिका अजून छापायची आहे. 'सौ. ज्युली आणि श्री. शत्रुघ्न' असं घालतो. पुढच्या बाकावर बसव त्याला. मी स्वतः फाटकापर्यंत जाऊन हाताला धरून आत आणतो. फक्त हे आपल्या दोघांत राहू दे."

ज्युलीने चिंधी पुन्हा उचलली. लाज वाटली तिला, पण खरं सांगायचं तर तिच्या मनाला मोह पडला. शत्रुघ्न या फाटकातून आत येतोय, इस्त्रीचा शर्ट घालून, भावाने हात धरलाय. यासाठी तर ती आली होती. तिने दोन्ही पिस्टन पुसले, एक ठिपका एकीत, दोन ठिपके दुसरीत घातले. उचलून सोडले. टक्. टक्. दोन्ही मोकळे पडले.

ज्युड चार वाजता आला. बुश चोख बसवले होते. दोघांनी मिळून बॉड्या गाडीवर चढवल्या. ती हात पुढे करी आणि तो मागितलेला पाना देई, शब्दाविना. तोवर रीटा वहिनी आणि एलिसाही परतल्या. टोपीत थोडं तेल सोडून ज्युलीने मान हलवली आणि एलिसाने चावी फिरवली. गाडी खोकली, पुन्हा खोकली आणि धरली. निळा धूर, पत्र्याच्या शेडचा थरथराट. रीटा वहिनीने छातीवर क्रूस केला.

दोन कार्ब्युरेटरना जोडणारा दांडा ज्युलीने सैल केला, नळी कानाला लावली. पुढचा जास्त ओढत होता. स्क्रू पाव आटा. मागचा. पुन्हा पुढचा. मग आतला पिस्टन बोटाने किंचित उचलून बघितला, पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय. इंजिनचा आवाज चढला की जास्त, पडला की कमी. तिने डोळे मिटले होते. आतून फुटली असली तरी कान तिचा जागेवर होता. अर्ध्या तासाने दोन्ही फुसफुसाटांत फरक उरला नाही. तिने दांडा आवळला आणि नळी काढली. गाडी इतकी शांत चालत होती की मडगार्डवर ठेवलेल्या ग्लासातलं पाणीही हललं नाही.

"आत्या, यू आर टू गुड!" एलिसाने तिला मिठी मारली. सेबेस्टियन आतून पत्रिकेचा कच्चा कागद घेऊन आला. त्यावर पेनने दोन नावं वाढवलेली. त्याने तो ज्युलीच्या हातात ठेवला आणि तिचा हात दाबला.

तेवढ्यात ज्युड पुढे आला. चिंधीला हात पुसत उभा राहिला. कसंबसं बोलला.

"ताई. खूप वर्षं बोलायचं होतं. त्या दिवशी... मी रेस केली असणार. नक्की आठवत नाही आता. मित्र मागे बसले होते, मजेत होतो. माझ्यामुळेच अडकलं असणार काहीतरी. तुझ्या लग्नाला डॅडी येऊ शकले नाहीत. माफ कर."

ज्युलीच्या हातात कागद होता. समोर सेबेस्टियनचे डोळे. आणि हा वेडा एकोणीस वर्षं न केलेल्या गुन्ह्याला स्वतःचंच नाव देऊन बसलेला.

"तू काही केलं नाहीस," ती म्हणाली.

"ज्युली!" सेबेस्टियन ओरडला.

"तू काही केलं नाहीस, ज्युड. डॅडींनी केलं. पिस्टन उलटसुलट घातले होते. मी आत्ता माझ्या हाताने काढले. दादाने टॉर्च धरला होता. विचार त्याला."

इंजिन चालूच होतं. एलिसाने हळूच चावी बंद केली. रीटा वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने जमिनीकडे.

ज्युड हसला की रडला ते कळलं नाही. सेबेस्टियनकडे तो वळलाच नाही. "त्याचं ठीक आहे," तो म्हणाला. "त्याला घर हवं होतं. डॅडींना त्यांची अब्रू. पण तू, ताई? तुला तर येत होतं ना सगळं? गाडी रेस केल्याने असं बंद पडत नाही हे तुला माहीत होतं. या अख्ख्या घरात फक्त तुलाच माहीत होतं. तू मला एकदा विचारलंस? चंदनसार किती लांब होतं? एकदा?"

त्याचं खरं होतं. तिला कळलं असतं. पाच मिनिटं शांतपणे विचार केला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. तिने तो विचार केला नाही, कारण ज्युड गुन्हेगार असला तरच डॅडी निर्दोष राहत होते.

"गाडी राहू दे," ज्युड एलिसाला म्हणाला. "तुझ्यासाठी आणलाय मागचा. लग्नानंतरही ठेव. मला आता तो नकोय." त्याने रिकामी लुंगी घडी करून काखोटीला मारली आणि बाईकला किक मारून गेला.

सेबेस्टियनने ज्युलीच्या हातातला कागद ओढून घेतला. "समाधान झालं? पंधरा दिवस दम निघाला नाही तुला. आता जा तुझ्या माणसाकडे. या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस."

रीटा वहिनी मध्ये पडेल असं क्षणभर वाटलं. ती टेबलावरची ताटं गोळा करायला लागली.

"आत्या," एलिसा रडवेली झाली होती, "मी जाऊ का या गाडीतून? की नको?"

"जा. गाडीचा काय दोष?" ज्युलीने नळी गुंडाळून पर्समध्ये टाकली. "फक्त पंधरवड्याला टोपीत तेल बघायला सांग कोणाला तरी."

शत्रुघ्न नाक्यावर नव्हता. फाटकाबाहेर भिंतीला टेकूनच उभा होता, गाडीचा आवाज ऐकत.

"चालू झाली गो!" त्याचा चेहरा फुलला होता. "काय झॅक आवाज. मंग? नाव घालतान का पत्रिकेन?"

तिने मान हलवली, नाही म्हणून. तो स्कूटरकडे वळला. हेल्मेट तिच्या हातात दिलं.

"शत्रू," ती म्हणाली, "त्या दिवशी तू बाकावर रुमाल टाकला होतास."

"कवा?"

"आपल्या लग्नात. डॅडींसाठी."

"हां." त्याला आठवलं, ओशाळून हसला. "फादर पन हसलं होतं मना."

"ते येणारच नव्हते," ज्युली म्हणाली.

शत्रुघ्नने बंद फाटकाकडे एकदा बघितलं, मग बायकोच्या काळ्या पडलेल्या हातांकडे. खिशातून रुमाल काढला, तिचे हात पुसायला लागला, बोट बोट करून.

"मना म्हाईत होता गो," तो म्हणाला. "तरी टाकला होता."